नॉर्थ स्टँडची पायरी आणि काचेमागची खुर्ची

27 फेब्रुवारी 1996 रोजी वानखेडे स्टेडियमवर पहिल्यांदा प्रकाशझोतातला सामना झाला, तेव्हा मी बाबांबरोबर नॉर्थ स्टँडमध्ये होतो. समोर ऑस्ट्रेलियाचा संघ होता. बसायला सिमेंटची पायरी होती आणि मागच्या माणसाचे गुडघे पाठीला टेकत होते. मॅग्राने पहिली तीन षटके निर्धाव टाकल्यानंतर सचिनने त्यालाच झोडपायला सुरुवात केली, तेव्हा पायरीवर बसलेले कोणी उरलेच नाही. पुढे 90 धावांवर असताना मार्क वॉच्या वाइड चेंडूवर तो यष्टिचीत झाला आणि हजारो माणसे एकाच क्षणी गप्प झाली. भारत 16 धावांनी हरला. चर्चगेटपर्यंतच्या वाटेवर अनोळखी माणसे एकमेकांशी घरातले दुःख वाटून घ्यावे तशी बोलत होती.

अनेक वर्षांनी कचेरीतर्फे मुंबईबाहेरच्या एका मैदानावरील वातानुकूलित बॉक्समध्ये बसण्याची संधी मिळाली आणि मी बाबांनाही सोबत नेले. गादीची खुर्ची, गरम जेवण, हाताच्या अंतरावर स्वच्छ प्रसाधनगृह. सत्तरी ओलांडलेल्या आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला याचे मोल किती असते, हे मी त्या दिवशी जवळून पाहिले आणि म्हणूनच अशा आसनांना सरसकट चैन म्हणणे मला पटत नाही. मात्र काचेमुळे बॅटचा आवाज आत येत नव्हता, गर्दीची आरोळी दुरून येणाऱ्या गाडीसारखी वाटत होती, आणि बरेचसे पाहुणे भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहत होते, ज्यावर मैदानात घडून गेलेली गोष्ट काही क्षणांनी दिसत होती.

जागा महाग असली म्हणजे तिथून खेळ अधिक चांगला दिसतो, असेही नाही. गोलंदाजाच्या हाताच्या रेषेत बसले की स्विंग आणि फिरकी कळते. बाजूला बसले की चेंडूचा टप्पा आणि धावबादची चुरस कळते. अगदी वरच्या रांगेतून कर्णधाराने लावलेले क्षेत्ररक्षण नकाशासारखे उलगडते. मला स्वतःला ती वरची रांग सर्वांत आवडते.

मुंबईत तर जागांच्या वाटपाने इतिहासच घडवला आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे, आणि आपल्या संलग्न क्लबांना अधिक तिकिटे मिळावीत अशी तेव्हाच्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची मागणी होती. हा वाद मिटला नाही, म्हणून असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर नवे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी 1975 मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. अधिक लोकांना जागा मिळावी म्हणून जे मैदान बांधले गेले, त्याची क्षमता 2011 च्या विश्वचषकासाठीच्या नूतनीकरणात सुमारे 45,000 वरून सुमारे 33,000 वर आली. पायऱ्यांच्या जागी खुर्च्या आल्या, डोक्यावर छत आले, आणि हे सारे आवश्यकच होते. पण त्या विश्वचषकाच्या इथेच झालेल्या अंतिम सामन्याची थेट जनतेला विकण्यासाठी ठेवलेली तिकिटे सुमारे 4,000 च असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते; उरलेल्या जागा क्लब, संघटना, प्रायोजक यांच्यात आधीच वाटल्या गेल्या होत्या.

माझी तक्रार बॉक्समधल्या गादीबद्दल नाही. तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसाला सावली, पिण्याचे पाणी आणि वापरण्याजोगे प्रसाधनगृह मिळाले पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. आणि खुल्या विक्रीतील जागांचा आकडा प्रत्येक मोठ्या सामन्यापूर्वी जाहीर झाला पाहिजे. ज्या गर्जनेमुळे प्रायोजकांना त्या बॉक्सची किंमत द्यावीशी वाटते, ती गर्जना याच स्वस्त जागांमधून येते.

त्या दिवशी दुसऱ्या डावाच्या मध्यावर बाबांनी काचेचे दार सरकवायला सांगितले. बाहेरच्या छोट्या सज्जात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. ऊन होते, गुडघेही दुखत होते, तरीही शेवटच्या चेंडूपर्यंत आम्ही तिथेच बसलो.