गेम खेळणाऱ्या मुलांची बाजू मी का घेते

शिक्षिका असूनही मुलांना मोबाइलवर गेम खेळायला मी का सांगते, असे पालकसभेपासून लग्नकार्यापर्यंत सगळीकडे विचारले जाते. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

रात्रभर एकट्याने खेळत राहण्याची बाजू मी कधीच घेतलेली नाही. पैसे लावून खेळण्याची तर नाहीच. 2025च्या केंद्रीय कायद्यानेही पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, वेगळी मान्यता दिली आहे. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या तीर्थ मेहताने ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा ई-स्पोर्ट्स हा प्रकार प्रात्यक्षिकापुरता होता, 2023 मध्ये हांगझोऊला त्याची अधिकृत पदके दिली गेली.

मला मोल वाटते ते संघाचे. ‘बीजीएमआय’ हा मोबाइलवरचा लढाईचा गेम, त्यात सुरक्षित जागा, म्हणजे ‘झोन’, आकसत जाते. त्याच्या स्क्वाडमध्ये, म्हणजे संघात, चौघे असतात आणि स्पर्धेत किती शत्रू टिपले याइतकेच शेवटपर्यंत कितवे टिकलात यालाही गुण असतात, त्यामुळे कधी लढायचे नाही हे ठरवावे लागते. हरलेला सामना पुन्हा पाहून, कोणाचा निर्णय कुठे चुकला हे त्याच्या तोंडावर, पण न भांडता सांगावे लागते.

मी ज्यांचा सराव घेते त्या आमच्या स्क्वाडचा आयजीएल, म्हणजे खेळताना निर्णय देणारा मुलगा, सोलापूरच्या पूर्व भागातला होता. घरी तेलुगू बोलणारा हा मुलगा वर्गात मराठीत उत्तर देताना अडखळत असे. सहामाहीत त्याचे गुण घसरले, तेव्हा त्याचे वडील यंत्रमागावरची पाळी संपवून थेट मला भेटायला आले. मी त्यांना एका सामन्याचे रेकॉर्डिंग ऐकवले. “झोन उजवीकडे सरकतोय, लढू नका, आधी ते घर घ्या,” असे त्यांचा मुलगा तिघांना शांतपणे सांगत होता. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “आवाज त्याचाच हाय. घरात असं बोलत नाही.” आता त्यांना पटले, असे मला वाटले. तेवढ्यात ते म्हणाले, “पण मॅडम, तुमची नोकरी पक्की हाय. हा नापास झाला तर माझ्याशेजारीच मागावर उभारणार.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला आला नाही. पुढे तो बारावी उत्तीर्ण झाला, याचे श्रेय वडिलांच्या निर्णयाला द्यावे लागेल, आणि मी ते देते. मात्र त्यानंतर वर्गात तो पूर्वीपेक्षाही गप्प झाला, हेही मी पाहिले आहे.

पूर्वी मी पालकांना समालोचक, विश्लेषक, स्पर्धा-आयोजक अशी कामे मोजून दाखवत असे. ती कामे खरी आहेत. पण खेळणाऱ्यांतल्या फार थोड्यांच्या वाट्याला येतात, आणि मागावर राबणाऱ्या बापाला त्या भरवशावर थांबायला सांगण्याचा अधिकार मला नाही. म्हणून आता सरावाची वेळ ठरलेली असते आणि परीक्षेच्या काळात सराव बंद असतो. तरीही त्या दिवशी, “त्याला आठवड्यातून एक दिवस तरी येऊ द्या,” असे मी का म्हटले नाही, आणि म्हटले असते तर ते योग्य ठरले असते का, या दोन्ही प्रश्नांवर माझे स्वतःशी अजून एकमत झालेले नाही.