फ्रेमवर्क कुठलंही असो: आमची वाटचाल

आमची कंपनी लहान आहे आणि काम एकच: इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला लागणारे स्क्रीनचे सुटे भाग बनवणं. बटणं, तक्ते, फॉर्म, तारीख निवडायचं कॅलेंडर. वेब पानं बांधायला एका ग्राहकाकडे अँग्युलर हे फ्रेमवर्क (तयार सांगाडा), दुसऱ्याकडे रिअ‍ॅक्ट, तिसऱ्याकडे जुनं जेक्वेरी. कॅलेंडर तेच, पण लिहायचं तीनदा आणि त्यातला बगही तीनदा काढायचा. नवीन कामाचे पैसे ग्राहक देतो. देखभालीचं बिल पाहून मात्र प्रत्येकाच्या कपाळाला आठ्या पडतात.

यावर उपाय म्हणून वेब कंपोनंट्सची, म्हणजे कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये चालणाऱ्या स्वतःच्या एचटीएमएल टॅगची, चर्चा २०११ पासून होती आणि २०१३ मध्ये गूगलने ते बनवायचं पॉलिमर हे साधन आणलं. आम्ही ते लांबूनच पाहत होतो. सगळ्या ब्राउझरांत चालवायचं तर पॉलिफिलचं (ब्राउझरात नसलेली सोय भरून काढणाऱ्या जादा कोडचं) ओझं होतं, आणि सुरुवातीचं पॉलिमर ज्यावर उभं होतं ते एचटीएमएल इम्पोर्ट्स (एका एचटीएमएल फाइलमध्ये दुसरी आणायची सोय) बाकीच्या ब्राउझरांनी स्वीकारलेच नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये फायरफॉक्स ६३ मध्ये कस्टम एलिमेंट्स (स्वतःचे टॅग) आणि शॅडो डॉम (टॅगची आतली रचना बाकीच्या पानापासून वेगळी ठेवायची सोय) दोन्ही आले, जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं एज क्रोमियमवर (क्रोमच्याच पायावर) गेलं, आणि आमची शंका मिटली.

आम्ही लिट ही असे टॅग बनवायची छोटी लायब्ररी घेतली. कॉम्प्रेस केल्यावर साधारण पाच केबी, आणि त्यातून तयार होतो तो ब्राउझरला थेट कळणारा टॅग. ग्राहकाच्या इंजिनिअरांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे आणखी एक फ्रेमवर्क?’ वाद न घालता आम्ही त्यांच्याच पानात आमचा टॅग टाकून दाखवायचो. प्रेझेंटेशनपेक्षा हे कधीही बरं.

खरी कसोटी शॅडो डॉमने पाहिली. बाहेरची सीएसएस (पानाचं रूप ठरवणारे नियम) आत शिरत नाही म्हणून ते हवं, आणि ग्राहकाला आपल्या ब्रँडचे रंग हवे असतात म्हणून तेच नडतं. रंग आणि अंतरं आम्ही सीएसएस व्हेरिएबल्सवर सोडली. ती आतपर्यंत पोचतात. ‘पार्ट’ लावून आतले भाग बाहेरच्या सीएसएसला उघडे करताना मात्र हात आखडता ठेवतो. एकदा उघडा केलेला भाग ग्राहकाच्या सीएसएसमध्ये जाऊन बसतो, मग आतली रचना बदलायची सोय राहत नाही.

फॉर्मचं दुखणं वेगळं. शॅडो डॉमच्या आतला इनपुट (माहिती भरायची चौकट) बाहेरच्या फॉर्मला दिसतच नाही, त्यामुळे भरलेली माहिती सर्व्हरकडे जात नाही. टॅगला फॉर्मशी थेट जोडणारं एलिमेंट इंटर्नल्स हा त्यावरचा उपाय सफारीत मार्च २०२३ ला, १६.४ मध्ये आला. तोवर बाहेर एक हिडन (न दिसणारा) इनपुट ठेवून भागवलं. बाहेरचं लेबल आयडीवरून आतल्या इनपुटला जोडता येत नाही, म्हणून लेबल आणि इनपुट एकाच बाजूला ठेवतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी हे आम्ही ऐच्छिक मानत नाही.

रिअ‍ॅक्टवाल्यांसाठी वेगळे रॅपर (आमच्या टॅगभोवतीचा जोडणीचा कोड) सांभाळावे लागत, कारण ऑब्जेक्ट दिला की तो अ‍ॅट्रिब्यूटची स्ट्रिंग (नुसता मजकूर) होऊन बसायचा आणि कस्टम इव्हेंट नीट ऐकू यायचे नाहीत. डिसेंबर २०२४ च्या रिअ‍ॅक्ट १९ ने ते सुटलं. जे ग्राहक त्यावर गेले त्यांचे रॅपर आम्ही आनंदाने काढून टाकले. (कोड काढण्यासारखं समाधान लिहिण्यात नाही.)

ज्यांची सगळी टीम एकाच फ्रेमवर्कवर आहे आणि बदलायचा विचारही नाही, त्यांना आम्ही सरळ सांगतो की तुम्हाला आमची गरज नाही. सध्या मोठा तक्ता डिक्लेरेटिव्ह शॅडो डॉम (जावास्क्रिप्टशिवाय थेट एचटीएमएलमध्ये लिहिलेला) वापरून सर्व्हरवरूनच तयार पाठवायचं काम चालू आहे. फायरफॉक्स १२३ पासून तेही सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतं.