फोनवर पण हवं, लॅपटॉपवर पण हवं: टूएफए अ‍ॅप कुठलं घ्यायचं?

ऑथेंटिकेटर अ‍ॅप (टूएफए म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणं, आणि त्यासाठीचा सहा आकडी कोड दाखवणारं हे अ‍ॅप) कुठलं घेऊ असं कोणी विचारलं की जो तो आपल्या फोनमधल्या अ‍ॅपचं नाव सांगून मोकळा होतो. मी पण सांगणार आहे, पण नावाच्या आधी मी एकच गोष्ट बघतो, ती म्हणजे यातले माझे सगळे कोड उद्या उचलून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेता येतील का. येत असतील तर बाकी गोष्टींवर तडजोड चालते. येत नसतील तर अ‍ॅप कितीही देखणं असो, त्याला लांबूनच रामराम.

एवढं ताणून का धरायचं, तर ते सहा आकडे येतात कुठून ते बघा. बऱ्याच जणांना वाटतं की कोड नेटवरून येतो, एसएमएस येतो तसा. अजिबात नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, तरी दर ३० सेकंदांनी कोड बदलतच राहतो. साइटवर टूएफए चालू करताना जो क्यूआर कोड दिसतो त्यात एक सीक्रेट की असते, इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि २ ते ७ आकडे यांची एक लांबलचक ओळ. ती एकदाच तुमच्या अ‍ॅपमध्ये येते आणि तीच साइटच्या सर्व्हरवरही असते. मग दोघंही १ जानेवारी १९७० पासून आत्तापर्यंत किती सेकंद झाले ते घेतात, त्याला ३० ने भागतात, तो आकडा आणि की एकत्र करून गणित करतात आणि उत्तरातले सहा आकडे दाखवतात. दोघांचं उत्तर जुळलं की तुम्ही आत. बस, एवढंच. २०११ च्या आरएफसी ६२३८ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजात हे सगळं लिहून ठेवलंय आणि कुठलंही धड अ‍ॅप तेच करतं. (त्यात शा-१ नावाचं जुनं गणिती सूत्र वापरतात हे वाचून काही लोक दचकतात, पण इथे ज्या पद्धतीने ते वापरलंय त्यात शा-१ च्या प्रसिद्ध दोषाने काही बिघडत नाही.)

म्हणजे साइटवर "गूगल ऑथेंटिकेटरने स्कॅन करा" असं लिहिलं असलं तरी दुसरं कुठलंही अ‍ॅप चालतं. खरं वाटत नसेल तर एकच क्यूआर दोन वेगवेगळ्या अ‍ॅपने स्कॅन करून बघा, दोन्हीकडे त्याच क्षणी तोच कोड दिसेल. किंमत त्या कीला आहे, अ‍ॅप फक्त ती की ठेवायची जागा. आणि ज्या जागेतून आपलीच वस्तू बाहेर काढता येत नाही तिथे ती ठेवायचीच कशाला?

आता कॉम्प्युटरचं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाला दर वेळी फोन शोधत फिरायचा वैताग येतो, हे मान्यच आहे. पण लॅपटॉपवर कोड ठेवायचे म्हटलं की कोणीतरी हमखास म्हणतं, अरे मग दुसरा फॅक्टर कुठे राहिला, पासवर्ड पण तिथेच आणि कोड पण तिथेच. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. आपल्यापैकी बहुतेकांना धोका असतो तो कुठल्यातरी साइटवरून पासवर्ड फुटला आणि लांब बसलेल्या माणसाने तो आपल्या ईमेलवर लावून बघितला, असा. त्याच्यासाठी कोड तुमच्या फोनमध्ये आहे का लॅपटॉपमध्ये, काही फरक पडत नाही, त्याच्याकडे तो नाही एवढं पुरतं. आणि लॅपटॉपमध्येच मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) शिरलं असेल तर ते सरळ ब्राउझरमधलं चालू सेशन, म्हणजे आधीच झालेलं लॉगिन, उचलतं, तिथे फोनमधला कोड पण तुम्हाला वाचवत नाही.

पण पासवर्ड आणि कोड एकाच तिजोरीत (व्हॉल्टमध्ये) ठेवणं, हे मात्र मी टाळतो. बिटवॉर्डन, वनपासवर्ड या पासवर्ड मॅनेजरमध्ये (सगळे पासवर्ड एका मास्टर पासवर्डमागे ठेवतात ते) पासवर्डच्या शेजारीच कोडची पण सोय असते आणि वापरायला ते मस्तच वाटतं, क्लिक केलं की दोन्ही भरलं जातं. पण एक मास्टर पासवर्ड गेला की सगळंच गेलं. किरकोळ खात्यांना चालेल. मुख्य ईमेल आणि खुद्द पासवर्ड मॅनेजर यांचे कोड मात्र वेगळ्या अ‍ॅपमध्येच हवेत.

आता अ‍ॅप्स. गूगल ऑथेंटिकेटर २०१० पासून आहे आणि साधं आहे, पण कित्येक वर्षं त्यात बॅकअप नव्हता, फोन गेला की कोड गेले. एप्रिल २०२३ मध्ये गूगल अकाउंटला सिंक आलं, आणि लगेच सिक्युरिटीवाल्यांनी दाखवून दिलं की ते एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (तुमच्याशिवाय कोणीच, खुद्द कंपनीही, वाचू शकणार नाही असं) नाही. कोड बाहेर नेता येतात हे त्याच्या बाजूने, पण कॉम्प्युटरसाठी अ‍ॅपच नाही. मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅप ऑफिसच्या अकाउंटला "मंजूर करा" दाबायला ठीक, पण दुसऱ्या अ‍ॅपला देता येईल असा एक्सपोर्ट नाही, आणि आयफोनवरचा बॅकअप अँड्रॉइडवर उघडत नाही, तेव्हा मी ते ऑफिसपुरतंच ठेवतो.

ऑथीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे हवं म्हटलं की वर्षानुवर्षं लोक डोळे झाकून ऑथी सांगायचे, कारण डेस्कटॉप अ‍ॅप होतं. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ते डेस्कटॉप अ‍ॅप बंद केलं, फोनपुरतं राहिलं. आणि एक्सपोर्ट नव्हताच, म्हणजे निघायचं तर प्रत्येक साइटवर जाऊन टूएफए बंद करा, पुन्हा चालू करा, नवीन क्यूआर स्कॅन करा, पुढची साइट. त्यात भर म्हणजे ऑथीचं अकाउंट मोबाइल नंबरवर चालतं, आणि २०२४ च्या जुलैमध्ये त्यातले सुमारे ३.३ कोटी नंबर बाहेर गेल्याचं उघड झालं. कोड फुटले नाहीत, पण हा नंबर ऑथी वापरतो एवढं कळलं तरी फसवणाऱ्याला ते पुष्कळ असतं. आयफोनवरच्या रायव्होचं तर अजून वाईट झालं, ओपन सोर्स (प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो असं) म्हणून लोकांचं लाडकं अ‍ॅप, २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी एका अपडेटनंतर लोकांचे कोडच गायब झाले. ज्यांच्याकडे एक्सपोर्ट केलेली फाइल होती ते वाचले. अ‍ॅप आज चांगलं आहे म्हणून उद्या त्याचा मालक तोच असेल असं नाही ना.

मग काय उरतं? फक्त अँड्रॉइडवर हवं असेल तर एजिस, डोळे झाकून. ओपन सोर्स, पासवर्डने एन्क्रिप्ट केलेली फाइल, आपोआप बॅकअप, आणि इतर बऱ्याच अ‍ॅप्सच्या फाइल्स वाचतं. सिंक नाही, कॉम्प्युटर नाही. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे हवं तर मी एन्टे ऑथ वापरतो: अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स, ब्राउझर सगळीकडे चालतं, सिंक एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, प्रोग्रॅम ओपन सोर्स आहे, अकाउंट न काढताही चालतं आणि एक्सपोर्ट आहे. प्रोटॉनने २०२५ मध्ये जवळपास याच धर्तीवर स्वतःचं ऑथेंटिकेटर काढलं, ते पण बघण्यासारखं आहे. टूएफएएसची कल्पना मला वेगळी म्हणून आवडते: सीक्रेट की फोनमध्येच राहते, ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन फोनला विचारतं, तुम्ही फोनवर हो म्हटलं की कोड पानावर भरला जातो. लॅपटॉपवर की ठेवायला जीव धजावत नसेल त्यांनी हे घ्यावं. सगळं घर अ‍ॅपलचं असेल तर २०२४ मध्ये आलेलं पासवर्ड्स अ‍ॅप आहेच, फक्त पासवर्ड-कोड एकत्र ठेवण्याबद्दल वर लिहिलंय ते लक्षात ठेवा. आणि ढगात (क्लाउडवर) काहीच नको म्हणणाऱ्यांना कीपासएक्ससी, फाइल तुमची, ती कुठे ठेवायची ते तुम्ही बघा. कोडसाठी वेगळी फाइल काढा एवढंच.

अ‍ॅप स्टोअरमध्ये नुसतं "ऑथेंटिकेटर" शोधू नका. वरती जाहिराती असतात, सारखेच निळे-काळे आयकॉन, आणि उघडल्या उघडल्या दर आठवड्याचे पैसे मागणारी अ‍ॅप्स. ज्याचं अ‍ॅप हवं त्याच्या साइटवर जा आणि तिथल्या लिंकने स्टोअरमध्ये शिरा.

आता सामान हलवताना, म्हणजे जुन्या अ‍ॅपमधून कोड नव्यात नेताना. गूगलच्या अ‍ॅपमध्ये ट्रान्सफरचा ऑप्शन आहे, तो एक मोठा क्यूआर दाखवतो (खाती जास्त असतील तर एकामागून एक बरेच), आणि एजिस, एन्टे वगैरे तो वाचतात. त्याच फोनवर नवीन अ‍ॅप असेल तर मात्र कॅमेरा स्वतःच्याच स्क्रीनकडे कसा बघणार, तेव्हा दुसरा फोन हाताशी ठेवा. सगळं आलं की जुनं अ‍ॅप लगेच उडवू नका. दोन्ही अ‍ॅप शेजारी शेजारी उघडा, एकेका खात्याचा कोड जुळतोय का बघा, एक-दोन साइटवर खरंच लॉगिन करून बघा, आणि मगच जुन्याला निरोप द्या. एक्सपोर्टची फाइल एन्क्रिप्ट करूनच काढा. साधी काढली तर ती नोटपॅडमध्ये उघडून बघा एकदा, प्रत्येक ओळीत साइटचं नाव, तुमचा ईमेल आणि पुढे ती की, अगदी उघडीवाघडी. अशी फाइल डाउनलोड्समध्ये पडून राहिली आणि तो फोल्डर क्लाउडला सिंक होत असला तर झालंच कल्याण.

एक गुंता आधीच सोडवून ठेवा. काही सिंकवाली अ‍ॅप्स नव्या फोनवर साइन इन करताना तुमच्या ईमेलवर कोड पाठवतात, आणि ईमेल उघडायला कोड लागतो तो त्याच अ‍ॅपमध्ये. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. म्हणून ईमेलचे बॅकअप कोड कागदावर हवेत, गूगल दहा देतं, आठ-आठ आकड्यांचे, प्रत्येक एकदाच चालतो. ते कोड त्याच ऑथेंटिकेटरच्या नोट्समध्ये ठेवणारे लोक पण असतात, त्यांना काय बोलणार.

लॅपटॉपवरचा कोड साइट घेतच नसेल तर आधी घड्याळ बघा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हा हमखास प्रकार होतो, एक जण मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ लोकल समजतो, दुसरा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आणि नेटवरून वेळ नीट होईपर्यंत कोड काही तासांनी चुकलेला असतो. अ‍ॅपला शिव्या घालून काही उपयोग नाही, वेळ सिंक करा.

आणि हे सगळं करूनही फिशिंगपुढे हा कोड लंगडाच आहे. खोट्या पानावर तुम्ही कोड टाकला की समोरचं यंत्र तो त्याच ३० सेकंदांत खऱ्या साइटवर टाकतं. पासकी (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीची सिक्युरिटी की इथे खरी उपयोगी, कारण ती साइटचा पत्ता तपासते, खोट्या पत्त्यावर चालतच नाही. मुख्य ईमेलला तरी ती लावा. युबिकी नावाच्या अशाच यूएसबी कीमध्ये हे सहा आकडी कोड पण ठेवता येतात, ती फोनला लावा नाहीतर लॅपटॉपला, कोड दिसतात. तिच्यातून सीक्रेट की बाहेर काढता येत नाही, म्हणजे माझ्या पहिल्याच अटीत ती नापास, पण इथे ते मुद्दामच तसं केलंय. म्हणून घ्यायच्या तर दोन घ्या आणि क्यूआर समोर असतानाच दोन्हींत टाका.

राहता राहिल्या फक्त एसएमएसवाल्या साइट्स. सिम स्वॅपमध्ये (कंपनीला फसवून तुमचा नंबर दुसऱ्याच्या सिमवर नेणं) २०१९ ला ट्विटरचे तेव्हाचे सीईओ जॅक डॉर्सी यांचं स्वतःचं ट्विटर अकाउंट गेलं होतं, तेव्हा एसएमएस कितपत भक्कम आहे ते दिसतंच. तरी काहीच नसण्यापेक्षा बरा, चालू ठेवा. फक्त तिथे टाकलेला नंबर अजून तुमचाच आहे ना, ते सेटिंग्जमध्ये जाऊन बघून घ्या.