काळं प्लास्टिक पुन्हा काळं करताना

आमची गाडी २०१५ सालची. छोटीच, पण जीपचा आव आणलेली. चाकांवर काळ्या कमानी, दारांच्या खालून काळा पट्टा, दोन्ही बंपर निम्मे काळे, बाकी सगळी पांढरी. घेताना आमचे हे त्या काळ्यापांढऱ्यावरच भाळले होते. २०२५ च्या धुळवडीनंतर एका सकाळी सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "बेन, गाडी वेचवानी छे?" म्हणजे विकायचीय का. का रे बाबा, म्हटलं, तर म्हणे रंग उडालाय म्हणून वाटलं. रंग कुठे उडाला होता! पत्रा झकास होता. उडालं होतं ते प्लास्टिक. पुढचा बंपर राखेसारखा, वायपरखालची जाळी तर चुना फासल्यासारखी, आणि तिच्या फटींत धुळवडीचा गुलाबी रंग.

मला ते जरा जास्तच झोंबलं. १९८४ साली मी बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत लॅबला लागले आणि २०१९ पर्यंत पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे दाणे तपासण्यातच माझी नोकरी गेली. २००७ मध्ये कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली, बाहेरची पाटी बदलली, माझं टेबल तेच राहिलं. दाणे वितळवून, पट्ट्या ओढून, तोडून, उन्हाच्या दिव्याखाली ठेवून झालं. आणि दारातल्या गाडीचं पॉलिप्रॉपिलीन दहा वर्षं मांजलपूरच्या उन्हात पोळत होतं, त्याच्याकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं.

खरं तर हात आधी यांनी घातला. खोबरेल तेल. फडक्यावर घेऊन एका रविवारी अख्खी गाडी चोळली. "बघ, पाच मिनिटांत नवी!" आणि दिसत होती हो नवी. मंगळवारपर्यंत सोसायटीतली सगळी धूळ तिच्यावर येऊन बसली, आणि एप्रिलच्या उन्हात तिला शिळ्या चकलीचा वास यायला लागला.

मग मी मॉलमधून साडेतीनशे रुपयांची चकचकीत बाटली आणली. आधी वाचायला हवं होतं, पण वाचलं नाही. फवारा मारला, पुसला, मस्त काळं झालं. वायपरखालच्या जाळीवर जरा सढळ हातानेच मारला, कारण तीच सगळ्यात वाईट दिसत होती. चार दिवसांनी एक अवकाळी सर आली. अकोटा पुलावर होते, वायपर लावले आणि समोरची काच दुधाळ झाली. जाळीवर मारलेलं त्या बाटलीतलं सिलिकॉन पाण्याबरोबर काचेवर आलं होतं आणि वायपर ते इमानाने पसरवत होते. पुलावर गाडी थांबवता येत नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून कशीबशी पलीकडे गेले. काच आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तीनदा पुसली तेव्हा साफ झाली, वायपरची रबरं बदलावीच लागली. जाळीवर, दाराच्या रबरांजवळ, काचेच्या कडेला तेलकट काही मारायचं नाही, हे मी या पुलावर शिकले.

तिसरा प्रयोग पुतण्याचा. त्याने व्हिडिओत हीट गन पाहिली होती. "काकू, काही लावायचंच नाही, नुसतं गरम करायचं!" मागच्या बंपरचा कोपरा त्याने गरम केला आणि तो खरंच काळाभोर झाला. वरचा थर किंचित मऊ होऊन त्यातल्या बारीक भेगा बुजतात, म्हणून. पण पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि त्या गनची हवा पाचशेच्या वर जाते. मी "अरे, हलता ठेव हात" म्हणेपर्यंत रुपयाएवढ्या जागेवरची खडबड जाऊन तिथे आरसा झाला. तो आरसा अजून आहे. आणि भेगा बुजल्या तरी उन्हापासून वाचवणारी जी रसायनं त्या थरातून संपून गेली आहेत ती काही परत येत नाहीत, त्यामुळे पुन्हा भुरकट व्हायला वेळ लागत नाही.

एवढं झाल्यावर मी लॅबची सवय बाहेर काढली. आधी माल कोणता ते बघायचं. टॉर्च आणि हाताचा आरसा घेऊन मागच्या बंपरखाली वाकले. आतल्या बाजूला साच्यातच उमटवलेली अक्षरं सापडली: पीपी, अधिक ईपीडीएम, टीडी२०. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, धक्का सोसावा म्हणून त्यात रबर, आणि कडकपणासाठी वीस टक्के टाल्क. टाल्क म्हणजे पावडरच्या डब्यातलं तेच. काळेपणा काजळीचा, म्हणजे कार्बन ब्लॅकचा. ऊन वरच्या थरातल्या साखळ्या तोडतं, केसासारख्या भेगा पडतात, बांधणारं प्लास्टिक झिजतं आणि आतलं टाल्क उघडं पडतं. बंपरवर बोट फिरवलं की जी पांढरी पूड लागायची ती बाहेरची धूळ नव्हतीच, बंपरच होता तो.

आणि एक साधी गोष्ट. त्या भुरकट बंपरवर पाणी मारलं की तो काळा दिसतो, वाळला की पुन्हा राखाडी. पाणी भेगांत भरतं तोवर प्रकाश विखुरत नाही, एवढंच. हे डोक्यात आल्यावर बाजार एकदम सोपा झाला. निम्म्या बाटल्या म्हणजे उशिरा वाळणारं पाणी. खोबरेल तेलही तेच, माझी साडेतीनशेचीही तीच. उरलेल्यांत काहीतरी भेगांत भरून तिथेच घट्ट होतं. प्रश्न एवढाच, की मला दर महिन्याला चोळत बसायचंय की एकदाच जीव काढायचाय.

मकरपुऱ्याच्या बाजूला एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आंटी, आ लई जाओ, नॅनो छे, एकदम नवुं करी देशे." मी विचारलं, यात पाणी आहे का सॉल्व्हंट? त्याने बाटली उलटीपालटी केली आणि मालकाकडे पाहिलं. मालकाने माझ्याकडे. लेबलांवर नॅनो, अल्ट्रा, वेट लुक असं सगळं असतं. मला हवं असतं ते नसतं. मी एक बाटली विकत घेतली, तिथेच झाकण उघडून वास घेतला आणि पाण्याच्या ग्लासात एक थेंब टाकला. दुधासारखा पसरून मिसळला तर पाण्यातलं इमल्शन, वर तेलाचा चट्टा तरंगला आणि रॉकेलसारखा वास आला तर सॉल्व्हंटमधलं. मालकाला हा खेळ इतका आवडला की त्याने स्वतःहून आणखी दोन नमुने आणून दिले. (यांना मी बाहेर सेव उसळ खायला पाठवलं होतं, म्हणून एवढा वेळ मिळाला.) बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर सेफ्टी डेटा शीट मिळते, त्यात पेट्रोलियम डिस्टिलेट, म्हणजे तेच रॉकेलच्या जातीचं सॉल्व्हंट, दिसलं की मी ती बाटली माझ्या यादीतून काढून टाकायची. सॉल्व्हंट सततच लावत राहिलं तर प्लास्टिकला आणि रबराला ते चांगलं नाही, आणि धूळही जास्त धरतं.

पण बाटली निवडणं हे यातलं सोपं काम. कठीण होतं ते धुणं. तीन सकाळी गेल्या.

त्या खडबडीत प्लास्टिकच्या दाण्यांत काय काय बसलेलं होतं! गाडी धुणारा मुलगा पत्र्याला वॅक्स लावताना बिनधास्त प्लास्टिकवरून हात फिरवायचा, ते वाळून पांढऱ्या रेघा झालेल्या. त्यावर खोबरेल, त्यावर सिलिकॉन. दारांखालच्या पट्ट्यात ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्री नदीच्या पुराचा गाळ. तेव्हा आमच्या गेटपाशी अर्धं चाक बुडेल इतकं पाणी होतं. गाडी वाचली, पण तो गाळ इतका बारीक की पाइपच्या पाण्याने वरवर जायचा आणि दाण्यांत राहायचा. ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात घेतला, सकाळी साडेसहाला, सावलीत. मऊ ब्रशने गोल गोल. फेस आधी करडा आला, मग चहासारखा. क्लीनर वाळू द्यायचा नाही, एका वेळी एकच कमान, घासली की लगेच पाणी. वॅक्सच्या जुन्या रेघांना एकास चार केला, तरी दोन रेघा हटल्या नाहीत. त्या चक्क नातीच्या कंपासमधल्या पांढऱ्या खोडरबराने गेल्या. जाळीच्या फटींतला गुलाबी रंग टूथब्रशने बराचसा निघाला. एक कोपरा अजून फिकट गुलाबी आहे. बोअरच्या पाण्याचे क्षारांचे ठिपके होते त्यांना व्हिनेगर निम्मं पाणी घालून लावलं आणि लगेच धुतलं.

गंमत म्हणजे नुसतं धुऊन वाळल्यावरच बंपर निम्मा सुधारला होता. आम्ही ज्याला "रंग उडाला" म्हणत होतो त्यातला बराच भाग मळ होता.

मग वाळवणं. कमानीच्या कडेत पाणी दडून बसतं आणि तासाभराने ओघळतं. केस वाळवायचा ड्रायर थंड हवेवर लावून ते हुसकावलं. शेवटी आयपीए, निम्मं पाणी घालून. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट पुसायला मिळतं तेच. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसायचं. तेलाचा जरासा थर राहिला तरी घट्ट होणारं कोटिंग धरत नाही, सोलपटून येतं.

थेट अख्ख्या गाडीला लावायची माझी हिंमत नव्हती. मागच्या बंपरच्या खालच्या भागात मास्किंग टेप लावून चार चौकोन केले. पहिल्याला काही नाही, तो तुलनेसाठी. दुसऱ्याला सिलिकॉनचं जेल, तिसऱ्याला पाण्यातलं ड्रेसिंग (ते दुधाळ इमल्शन), चौथ्याला ट्रिमसाठीचं, म्हणजे अशा बाहेरच्या काळ्या प्लास्टिकसाठीचं, घट्ट होणारं कोटिंग, त्या ३० मिलीच्या बाटलीला तेराशे मोजले होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी साध्या कार शॅम्पूने धुवायचं आणि वहीत लिहायचं. जेल दोन धुण्यांत ओसरलं आणि वर इंद्रधनुष्यासारखे पट्टे ठेवून गेलं. पाण्यातलं ड्रेसिंग दिसायला सगळ्यात चांगलं, अगदी मूळचा मंद काळा, हाताला कोरडं. चौथ्या आठवड्यात फिकं झालं. कोटिंग जूनच्या मध्यापर्यंत जसंच्या तसं. पाण्याचे थेंब त्यावरून मण्यांसारखे पळत होते.

यांना वाटलं, झालं, आता कोटिंगच. मी अर्धंच ऐकलं. जाळी, बंपरचा वरचा भाग आणि कमानी यांना कोटिंग, कारण ऊन सगळं तिथे पडतं आणि जाळीवरून काचेवर काही येता कामा नये. दारांखालच्या पट्ट्याला पाण्यातलं ड्रेसिंग. तिथे खडी उडते, पाय घासतात, महाग काही लावून उपयोग नाही. दरवाज्यांच्या मधले चकचकीत काळे खांब मात्र दोन्हीतून वगळले, ते गुळगुळीत असतात, त्यांना पत्र्यासारखंच वागवायचं.

कोटिंग बेसमेंटमध्ये, सकाळी, हातमोजे घालून. बाहेर एकेचाळीस अंश असताना ते हाताखालीच वाळायला लागतं. स्पंजवर चारपाच थेंब, हातभर जागा, आडवं मग उभं, मिनिटभरात मायक्रोफायबरने जास्तीचं टिपायचं, आणि चोवीस तास पाणी नाही. वापरलेली फडकी दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यासारखी झाली, ती फेकली. उजव्या आरशाच्या बुडाशी एक थेंब माझ्या नजरेतून सुटला आणि तिथेच घट्ट झाला. अश्रूसारखा लोंबतो. आयपीएने जात नाही, घासून काढायचा तर दाणेही जातील, म्हणून राहू दिलाय.

जूनच्या शेवटी पहिला खरा पाऊस आला तेव्हा मुद्दाम अकोटा पुलावरूनच गेले. काच स्वच्छ. जाळीवरचे थेंब वाऱ्याने वर सरकत होते आणि बाजूला पळत होते.

मागच्या बंपरवर तो पहिला चौकोन अजून राखाडी आहे. हे दर रविवारी म्हणतात, "अगं, तेवढं राहिलंय बघ, दोन थेंब उरलेत बाटलीत." मी म्हणते, असू दे हो, तो कंट्रोल सँपल आहे.