जाणाऱ्यांची तारीख

१६ मार्च

तलावाचं पाणी आणखी मागे सरलं. काठाचा चिखल उघडा पडलाय आणि त्यावर पिवळे धोबी पसरलेत. हिवाळाभर हेच पक्षी इतक्या मळक्या अंगाने फिरत होते की नर कोणता, मादी कोणती, गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू कोणतं, हे ठरवताना डोकं उठायचं. आता रंग भरायला लागलाय. एक नर बांधाच्या इतका जवळ आला की मी दुर्बीण खाली ठेवली. गळा हळदीने माखल्यासारखा पिवळा, पण छातीवर जुनी पांढुरकी पिसं अजून अधूनमधून शिल्लक. डोकं एका बाजूने चांगलं राखाडी झालेलं, दुसऱ्या बाजूने अजून तपकिरी. म्हैस पाय उचलते, माश्या उडतात, हा दोन पावलं धावतो, उडी मारून हवेतच माशी टिपतो, आणि खाली टेकायच्या आत त्याची नजर पुढचीवर. मी बघत होते तेवढ्या वेळात त्याने एकदाही नुसतं उभं राहून दाखवलं नाही.

ही उत्तरेकडे परत निघायची तयारी. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, आता तो बारा तासांवर आलाय. आपल्याला उकाडा तेवढा कळतो, पक्ष्याला उजेड कळतो. त्यावरून आतली संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, कातडीखाली चरबी साठायला लागते. चिखलात चरणारे काही छोटे पक्षी लांबच्या उड्डाणाआधी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात. त्यातल्या काहींची पचनाची इंद्रियं तर निघायच्या सुमाराला चक्क आकसतात. वाटेत खायचंच नाही, मग ते ओझं कशाला वाहायचं? मला हा हिशेब फार आवडतो. सामान बांधताना असा हिशेब मला कधी जमलेला नाही.

२३ मार्च

पांगाऱ्यावर भोरड्या. कलकलाट इतका की बाकी काही ऐकूच येईना. मध पिऊन पिऊन कित्येकींची कपाळं परागांनी माखलेली, त्यामुळे लांबून भलताच पक्षी वाटतो. ह्या आता मध्य आशियात जातील. दगडांच्या कपारीत घरटी करतील, टोळ आणि नाकतोडे चारून पिल्लं वाढवतील, आणि जुलै-ऑगस्टमध्ये परत इथे हजर. म्हणजे वर्षातले जास्त महिने मुक्काम आपल्याकडेच! तरी आपण त्यांना पाहुणे म्हणतो, गंमतच आहे.

२ एप्रिल

वहीच्या शेवटच्या पानांवर एक तक्ता आहे. पक्ष्याचं नाव, हंगामातली पहिली तारीख, शेवटची तारीख. पहिल्या तारखेचा रकाना भरायला काहीच लागत नाही. ऑगस्टच्या अखेरीस नाल्याच्या काठी पहिला करडा धोबी दिसला की तिथेच, उभ्या उभ्या लिहून होतो. दोघातिघांना फोन होतात. महाराष्ट्रात पक्षी सप्ताहसुद्धा ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. पाहुण्यांनी पाणी भरलेलं असतं, हवा छान असते, सगळे तलावावर येतात.

एप्रिलमध्ये कोणी येत नाही. आणि शेवटच्या तारखेचा रकाना त्या दिवशी भरताच येत नाही. पट्टकादंबांचंच, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेल्या हंसांचंच बघा. १७ मार्चच्या पानावर मी लिहिलंय, ‘पट्टकादंब, नेहमीच्या जागी, चरत होते.’ एवढंच. पुढच्या ओळीत लगेच एका भोवत्याबद्दल, ह्या शिकारी पक्ष्याबद्दल, अर्धं पान. त्यानंतर मी गेले तेव्हा गवताचा तो तुकडा रिकामा. परवा रिकामा, आज रिकामा. म्हणजे १७ मार्च ही शेवटची तारीख, असं आज म्हणता येतंय. त्या दिवशी ती इतर कुठल्याही दिवसासारखीच होती.

मी पेन उघडलं तर काका म्हणाले, “अगं, थांब जरा. अजून पंधरा दिवस जाऊ दे. आणि लिहिशील ते पेन्सिलीने.” त्यांच्या सगळ्या जुन्या वह्यांत तो एक रकाना पेन्सिलीचाच आहे, हे माझ्या लक्षात आजच आलं. कितीतरी तारखा खोडून पुढे सरकवलेल्या.

पट्टकादंब एव्हाना कुठे असतील? ह्यांच्या पाठीवर यंत्रं बसवून परतीचा प्रवास मोजलेला आहे. हिमालयाची चढण ते सात-आठ तासांत पार करतात, तीही अनुकूल वाऱ्याचा आधार न घेता, आणि बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे. तेव्हा हवा थंड आणि दाट असते, पंखांना धरायला बरी. मोजलेली सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर, पण ती विरळाच. डोंगर उंच तिथे वर जायचं, दरी आली की पुन्हा खाली उतरायचं, अशी ह्यांची पद्धत. चढउतार दुप्पट झाला तरी वरच्या विरळ हवेत सरळ उडत राहण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. रक्तातलं हिमोग्लोबिनही इतर हंसांपेक्षा प्राणवायू जास्त घट्ट धरणारं. पुढे तिबेट, मंगोलिया. आणि इथे मी त्यांच्याबद्दल लिहिलं काय, तर ‘नेहमीच्या जागी’.

१३ एप्रिल

संध्याकाळी मुद्दाम गेले. सकाळी सगळेच जातात, पण निघणारे बहुतेक रात्री निघतात. भोवत्या, ससाणे, गरुड ह्यांना तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत उपयोगी पडतात म्हणून ते दिवसा जातात. भिंगऱ्याही दिवसा, उडता उडता किडे खात. धोबी दोन्ही वेळा. पण वटवटे, निळ्या गळ्याचे शंकर, तुतवार, टिलवे ह्यांची मंडळी अंधार पडला की. रात्री हवा शांत असते, अंग तापत नाही, शिकारी कमी, आणि दिशेला तारे असतात.

मालगुज्यांचा थवा उथळ पाण्यात होता. माना आणि छात्या विटकरी झालेल्या, पोटं खाली टेकतील की काय इतकी भरलेली. लांब सरळ चोच बुडापर्यंत चिखलात, वर आली की एकच घोट, पुन्हा आत. सूर्य गेला तसं चरणं थांबलं. सगळे वाऱ्याकडे तोंड करून उभे. मग एकाने आवाज दिला, दुसऱ्याने दिला, थवा उठला. पंखांवरचे पांढरे पट्टे शेवटच्या उजेडात एकदम उघडले. तलावावर एक फेरी, दुसरी फेरी, उंची वाढत गेली. मी श्वास धरून उभी. आणि मग निम्मे खाली आले! उतरले, चार पावलं चालले, पुन्हा चरायला लागले. उरलेले अंधारात कुठे गेले ते दिसलं नाही. पलीकडच्या काठाला उतरले असतील किंवा निघाले असतील. थोड्या वेळाने खालचेही उठले, पुन्हा बसले. मला मच्छरांनी फोडून काढलं होतं, मी घरी आले.

१४ एप्रिल

सकाळी मालगुजे सात.

२७ एप्रिल

मालगुजे नाहीत. शंकर नाही. थापट्या, तलवार बदक नाहीत, ते तर केव्हाच गेले. कृष्ण थिरथिरा मोडक्या भिंतीवर बसायचा, ती भिंत तीनदा बघून आले.

इ-बर्ड ह्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना एक प्रश्न विचारतात: ओळखू आलेले सगळे पक्षी ह्या यादीत आहेत का? आधी मी त्यावर डोळे झाकून टिचकी मारायचे. खरं तर सगळी मदार त्या होकारावर असते. यादी पूर्ण असेल तरच तिच्यात नसलेला पक्षी ‘नव्हता’ असं धरता येतं. थोडक्यात, कोण कधी गेलं हे कळायचं असेल तर ते गेल्यानंतरही जात राहावं लागतं, आणि रिकाम्या गवताची नोंद तितक्याच इमानाने करावी लागते. ह्याचं कौतुक कोणी करत नाही. फोटोही मिळत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ मध्ये स्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला, तेव्हा पक्ष्यांच्या पायांत हजारो कडी घातली गेली. त्यांतली फार थोडी पुन्हा कोणाच्या हाती लागली, पण तेवढ्यांवरून कोण कुठे जातं ह्याचा माग लागला. त्या माणसांच्या चिकाटीपुढे माझं ऊन म्हणजे काहीच नाही. तरी ऊन फार आहे हे नमूद करते.

मे, दुसरा शनिवार

आज जागतिक स्थलांतरित पक्षी दिन. मे आणि ऑक्टोबर, दोन्हींतल्या दुसऱ्या शनिवारी असतो. उत्तरेकडच्या देशांत आत्ता झाडं गजबजलेली असतील. आमच्या तलावावर टिटवी अंड्यांवर बसलीय आणि जवळ गेलं की डोक्यावर येऊन ओरडतेय. शेकाट्यांच्या जोड्या. बाकी भेगाळलेली माती.

पण अगदीच रिकामं नाही. दोन छोटे टिलवे आहेत, अजून हिवाळी राखाडी अंगातच. पहिल्या वर्षाचे असावेत. चिखलपक्ष्यांमधली बरीच तरुण पोरं पहिल्या उन्हाळ्यात वीण घालायच्या फंदात पडत नाहीत, ती मागेच राहतात. त्यांच्यासाठी तक्त्यात रकानाच नाही.

आणि ह्याच दिवसांत वरून जाणारेही असतात, आपल्याला पत्ता नसतो. मंगोलियात २०१९ मध्ये यंत्र बसवलेला ‘ओनॉन’ नावाचा कोकीळवर्गीय कक्कू २०२०च्या मे महिन्यात आफ्रिकेतून येऊन भारतावरून गेला आणि महिनाअखेर मंगोलियात पोचला. एका आवाजाचीही नोंद कोणाच्या वहीत पडली नसेल.

काका म्हणाले, “आता नवरंगाकडे कान ठेव.” दक्षिणेत हिवाळा काढून नवरंग ह्या सुमाराला वर सरकतात, आणि थकलेला एखादा भलत्याच ठिकाणी, अंगणात, जिन्यात सापडतो. तो आला की पहिल्या तारखेचा रकाना.

सामान्य तुतवार मात्र अजून आहे, एकटाच, धरणाच्या दगडांवर शेपूट हलवत. त्याच्यापुढे मी १० एप्रिल लिहिलं होतं, मग १९ केलं, मग २७. आज पुन्हा खोडलं. गुरुवारी परत एक फेरी मारायला हवी.