मेलेल्यांची यादी आणि जित्यांची

"मॅडम, मासं वर आल्यात. लौकर या, न्हाईतर लोकं पोती भरून नेतील."

शिरोळ तालुक्यात पंचगंगेवर जाळं टाकणाऱ्या मामांचा असा फोन उन्हाळ्यात येतोच. प्राणिशास्त्राची दोन पोरं, पांढरे ट्रे, मोजपट्टी आणि ऑक्सिजन मीटर गाडीत टाकून आम्ही कोल्हापुरातून निघालो.

बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, पाणी तुंबून काळपट झालेलं. मीटरवरचा आकडा लिटरला 1 मिलिग्रॅमच्याही खाली. बहुतेक माशांना निदान 4-5 तरी लागतो. घाण पाणी कुणी सोडलं यावर काठावर वादावादी जुंपली होती. मी त्यात पडले नाही, कारण ऊन चढलं की मासा फुगतो आणि ओळखता येत नाही.

मेलेले ट्रेमध्ये लावत गेलो. शिंगाळा, रोहू, बाजारात नुसती 'बारीक मासळी' म्हणून खपणारे बोटाएवढे चंदेरी मासे. सगळ्यांची तोंडं आ वासलेली, कल्ल्यांची झाकणं ताठ उघडी. गुदमरून मेलेला मासा असाच दिसतो. (पोरांनी रोहूला 'आपला' म्हणून लिहिलं, ते खोडायला लावलं. रोहू, मृगळ मूळचे उत्तरेकडचे, आपल्याकडे बीज सोडून वाढवलेले.) मरळ मात्र मेलेल्यांत एकही नव्हती. ती वर येऊन हवा घेते, म्हणून अशा पाण्यातही तगते.

काठाच्या उथळ पाण्यात मात्र जिवंत माशांची झुंबड होती. ओठ पाण्याच्या अगदी वरच्या थराला लावून ते जागच्या जागी तरंगत होते, कारण थोडाफार ऑक्सिजन तेवढ्याच पापुद्र्यात उरलेला असतो. मामांनी जाळं फेकलं. सगळी चिलापी (तिलापिया)! त्यांनी एक मादी उचलली, जबड्याच्या खाली अंगठ्यानं हलकेच दाबलं आणि तिच्या तोंडातून पिल्लं त्यांच्या तळव्यावर सांडली. काळे डोळे तेवढे दिसणारी, वळवळणारी.

"ह्ये बगा, पाळणा तोंडातच. हिची पोरं कोण खाणार?"

वर्गात मी हे आकृती काढून शिकवते, पण पोरं त्या तळव्याकडे बघतच राहिली. बाकीचे बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, तोवर जवळजवळ उपाशी राहते. नर तळाच्या गाळात थाळीएवढा खड्डा करून बसतो, त्याला संथ, उथळ पाणी लागतं. ते बरगे घातले की आयतं मिळतं. हा मासा आफ्रिकेतला. भारतात 1952 साली संवर्धनासाठी आणला. पाणी खराब आणि गर्दी जास्त असली की तो खुजा राहतो, पण काही महिन्यांतच अंडी घालायला लागतो. शेवाळापासून दुसऱ्यांच्या अंड्यांपर्यंत मिळेल ते खातो.

जाळ्यात एक सकरही अडकला होता. दक्षिण अमेरिकेतला हा मासा लोक काचपेटीत शेवाळ खायला ठेवतात आणि मोठा झाला की नदीत नेऊन सोडतात. अंगावर हाडांच्या खरखरीत पट्ट्या, परांचे काटे जाळ्यात रुतलेले. मामांनी शिव्या घालत दोरे कापले. तो पोटात हवा घेऊन श्वास घेतो, त्यामुळे दुपारपर्यंत ट्रेमध्ये तसाच जिवंत होता.

मला चिलापीचा राग येत नाही, असं नाही. पण त्या दिवशी कुणाला तिनं मारलं नव्हतं. पाण्यानं जागा रिकामी करून दिली, ती भरायला आधीच हजर होती. मामांना म्हटलं, पकडलेली चिलापी परत सोडू नका.

"सोडतोय कशाला? पर उद्या हीच इकायची हाय. शिंगाळा व्हता तवा किलोला बरं पैसं यायचं."

मोजदाद संपल्यावर मामांनाच विचारून पुढचं ठरवलं: पावसाळ्यात बरगे निघाले की वरून कोणती मासळी खाली येऊ शकते ते बघायचं, म्हणून आधी पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी आणि कुंभी नद्यांच्या वरच्या अंगाला काय शिल्लक आहे त्याची यादी. तिकडच्या दोन जाळेवाल्यांचे नंबर त्यांनीच दिले.