लेक्सिंग्टन: कॅप्टन पार्करच्या तुकडीच्या मागावर

बॉस्टनच्या मेट्रोची रेड लाइन अलवाइफला संपते. तिथून ६२ नंबरची बस लेक्सिंग्टनला नेते, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली त्या गावी. जुन्या रेल्वेमार्गावरचा मिनिटमन बाइकवे मला जास्त आवडतो. साधारण दहा किलोमीटर, जवळजवळ सपाट.

लढाईचे मैदान त्रिकोणी आणि फारच लहान. गावच्या मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या फौजेचा, कॅप्टन जॉन पार्कर; त्याच्या नावाच्या शिळेपाशी उभे राहिले की कळते, आडोसा कुठेच नाही. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे इथे त्याची सुमारे ७७ माणसे होती आणि समोरून सातशेच्या ब्रिटिश फौजेची आघाडी येत होती. खरे तर पार्करने मध्यरात्रीनंतर याहून बरीच जास्त माणसे जमवली होती. पण ब्रिटिश फौजेचा पत्ता लागेना, तेव्हा त्याने त्यांना सोडले. जवळचे बकमन टॅव्हर्नमध्ये थांबले, लांबचे घरी गेले. पहाटे ढोल वाजला तेव्हा हाकेच्या अंतरावरचेच पोचले. आठ जण मेले, त्यांत दोन हॅरिंग्टन आडनावाचे.

मैदानावरच्या मिनिटमन पुतळ्यामुळे सगळे पार्करच्या माणसांना ‘मिनिटमन’ म्हणतात, ते मला खटकते. ऑक्टोबर १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने मिलिशियातला चौथा हिस्सा वेगळा काढून तातडीने निघणाऱ्या तुकड्या करायला सांगितले; मिनिटमन म्हणजे त्यांतले लोक. लेक्सिंग्टनने तशी तुकडी काढली नाही. इथे उभा होता तो गावाचा साधा ‘ट्रेनिंग बँड’, म्हणजे कवायतीची तुकडी: बाप, मुलगे, चुलते, शेजारी, आणि गुलाम म्हणून राबणारा प्रिन्स एस्टाब्रुकही. तो जखमी झाला.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी पहाटे लढाईचे पुनर्दर्शन होते. पुढे जागा हवी तर चारच्या आधी पोचा. बंदुकांकडे नीट बघा: घोडा अर्धा चढवायचा, काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, चिमूटभर दारू बंदुकीच्या कानापाशी (नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रापाशी) असलेल्या खोलगट पात्रात, ते झाकून उरलेली नळीत. खऱ्या लढाईत त्यावर गोळी आणि कागद गजाने ठासत. दमट हवेत काजळी ओलावते, कान बुजतो. मग पात्रातली दारू भडकते, बार मात्र उडत नाही.

बहुतेक लोक इथूनच परततात. तसे करू नका. जवळच्या मिनिट मॅन राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाच्या पूर्वेकडच्या केंद्रापासून ‘पार्कर्स रिव्हेंज’ची, म्हणजे पार्करच्या सुडाची, जागा पायी गाठता येते. क्षयाने खंगलेल्या पार्करने त्याच दुपारी उरलेली माणसे घेऊन पुढच्या कॉन्कॉर्ड गावाहून परतणाऱ्या ब्रिटिश फौजेला इथल्या खडकाळ चढावर गाठले. जमिनीत सापडलेल्या शिशाच्या गोळ्यांवरून कोण कुठे उभा होता याचा अंदाज बांधता आला. चांगले बूट घाला. एप्रिलात वाट चिखलाची असते.